पाळण्याचे बारा स्क्रू

सागवानी पाळण्याला मी जिप्समचे काळे स्क्रू लावले, आणि त्यातल्या एकाचं डोकं तुटलं तेव्हा ते गोंदानं परत जागच्या जागी चिकटवून ठेवलं.

मी केलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक नको. नांदेडच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं. स्क्रू म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार, हे वाक्य मी दर वर्षी जून-जुलैत फळ्यावर आकृती काढून सांगायचो. पोरं लिहून घ्यायची. पण त्याच तीस वर्षांत माझ्या हातानं लावलेला एकही स्क्रू वर्षभर जागेवर राहिला नाही, हे पोरांना ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. न्हाणीघरातला टॉवेलचा दांडा मी बसवला तेव्हा भिंतीत गिट्टी मोठी ठोकली आणि तिच्यात स्क्रू बारीक घातला. दांडा आठ महिने नुसता अब्रूवर उभा होता. मग जावई दिवाळसणाला आले, त्यांनी ओला टॉवेल टाकला, आणि दांडा, टॉवेल, दोन गिट्ट्या असं सगळं घेऊन ते बाहेर आले. "बाबा, हे कुठं ठेवू?" एवढंच विचारलं त्यांनी. पोरगा गुणी आहे.

तर त्या गुणी पोराला आणि माझ्या लेकीला मुलगी झाली. लेक बाळंतपणाला आमच्याकडं नांदेडला होती. बारसं बाराव्या दिवशी, रविवारी. लातूरहून विहीणबाईंचा फोन आला की दुसरा पाळणा बघू नका, आमचा आहे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या दादांनी, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला केलेला. त्यांची दोन्ही लेकरं, म्हणजे आमचे जावई आणि जावयांची बहीण, त्याच पाळण्यात निजली. "माझी नातही त्यातच निजल," त्या म्हणाल्या. विहीणबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. त्या विनंती करत नाहीत, सूचना देतात.

गुरुवारी मी माझी छोटी गाडी घेऊन लातूरला गेलो. पाळणा माळ्यावरून काढून, पुसून, तेलपाणी करून ठेवला होता. खरंच देखणा. कातलेल्या दांड्या, लाखेचे जुने हिरवे-तांबडे पट्टे, आणि चार कोपऱ्यांना चार पितळी पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एक कडी, त्या कडीत साखळी अडकवायची आणि पाळणा टांगायचा. एकेक पट्टी तीन-तीन पितळी स्क्रूंवर बसलेली.

"वाटंत बांधायचं झालं तर दांडीला बांधा, व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या. "कडीला दोरी लावू नका. कडी खाली वजन धरती, आडवी वढ तिला चालत न्हाई."

आता मला गप्प बसता आलं असतं. पण नुकतीच पुरणपोळी झाली होती, पोट भरलेलं होतं, आणि कुणीतरी माझ्यासमोर बळाच्या दिशेबद्दल बोललं होतं. "विहीणबाई, त्याचं काय आहे, स्क्रू म्हणजे मुळात एक उतार असतो," अशी मी सुरुवात केली, आणि जिन्यासमोर उभा राहून त्यांना दहा मिनिटं स्क्रूचं शास्त्र समजावून सांगितलं. हवेत बोट गोल गोल फिरवून दाखवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो का?" म्हणाल्या. "बरं झालं सांगितलं."

त्यांचे वडील काय करायचे, हे मला पक्कं माहीत नव्हतं. सोयरीक जमली तेव्हा 'उदगीरला लाकडाच्या धंद्यात होते' एवढं कानावर आलं होतं. मी आपली वखार धरून चाललो होतो.

पाळणा गाडीत अर्धाच मावला, अर्धा डिकीबाहेर. अहमदपूर येईपर्यंत तो डुगडुगायला लागला म्हणून मी थांबून दोरी बांधली. दांडीला गाठ नीट बसेना. कडी मात्र गाठीसाठीच केल्यासारखी समोर होती. बांधली कडीला. लोह्याच्या अलीकडं एक खड्डा आला, मागं कडकन आवाज झाला, आणि एका कोपऱ्याची पट्टी दोरीला लटकत रस्ता पुसत येताना आरशात दिसली. तिचे तिन्ही स्क्रू गेले.

मी उतरून रस्त्यावर वाकून शोधत फिरलो. चहाच्या टपरीवरचा एकजण उठून आला.

"काय शोधून राहिले, काका?"

"स्क्रू."

"कशाचा?"

"पाळण्याचा."

त्यानं गाडीत बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, आणि "असू द्या, होतंय," म्हणून परत जाऊन बसला. त्याला नेमकं काय होतंय असं वाटलं, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं पट्टी हातात घेतली आणि म्हणाली, "सुताराकडं द्या." ती जळकोटची. तिकडं लांबण लावत नाहीत.

"तीन स्क्रूंसाठी सुतार?"

"टॉवेलच्या दांड्याला दोनच होते," ती म्हणाली.

असं बोलल्यावर माणूस सुताराकडं जाईल का? मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. बारावीत उताराच्या धड्याला तो नेहमी खिडकीतून बाहेर बघत असायचा. "पाऊण इंची स्क्रू दे," मी म्हणालो.

"कशाला पायजेत, सर? भिंतीला, पत्र्याला, का लाकडाला?"

खरं सांगितलं तर हा सल्ला देणार, आणि विद्यार्थ्याचा सल्ला घ्यायची तयारी माझ्यात नव्हती. "अरे, स्क्रू म्हणजे स्क्रू," मी म्हणालो आणि काउंटरवर उघड्या पडलेल्या खोक्यातले काळेभोर, टोकदार, एकदम तडफदार दिसणारे स्क्रू मूठभर उचलले. ते छताच्या जिप्समच्या पाट्यांना लावायचे असतात, हे मला नंतर कळलं. दिसायला मात्र ते सैनिकी शाळेतल्या पोरांसारखे होते.

एका कोपऱ्यावर काळे आणि तीन कोपऱ्यांवर पिवळे, हे काही बरं दिसेना. म्हणून मी बाकीच्या तीन कोपऱ्यांचे चांगले घट्ट बसलेले नऊ पितळी स्क्रूही काढले. काढताना घाम फुटला, तरी 'एवढे घट्ट आहेत तर राहू द्यावेत' हे काही डोक्यात आलं नाही. मग बाराच्या बारा काळे, बॅटरीवरच्या नव्या मशीननं. आधी बारीक भोक पाडावं लागतं वगैरे काही नाही. मशीनच मुळी घरघरत आत घुसत होतं, आणि शेवटी 'कट्ट' असा आवाज आला की मी समजायचो, पुरता आवळला. अकरा वेळा कट्ट झालं. बाराव्या वेळी कट्ट होऊन डोकंच माझ्या हातात आलं.

बाकीच्या अकरांच्या पोटात काय झालं असेल, असा विचार कुणी फिजिक्सच्या माणसानं केला असता. मी गोंद आणला. डोकं चिकटवलं, फुंकर मारली. इतकं बेमालूम दिसत होतं की मी बायकोला मुद्दाम दाखवायला बोलावलं आणि यातलं तुटलेलं डोकं कोणतं, हे मात्र सांगितलं नाही. मग पाळणा हॉलमधल्या कडीला टांगला आणि हात लावून हलवून बघितला. हलला. पाळण्यानं आणखी काय करायचं असतं?

रविवारी घर भरलं. लातूरहून विहीणबाई, जावई, त्यांची बहीण म्हणजे बाळाची आत्या, आणि एक गाडी भरून पाहुणे. नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली गादी, गादीशेजारी मोठ्या परातीत घुगऱ्या. विहीणबाई आल्या आल्या पाळण्यापाशी गेल्या. कोपऱ्यावरनं बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं. चार माणसांत काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

आमच्याकडं बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला तेल लावायचं, कुंची घालायची, आणि बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा. मग तो पाळण्यात ठेवायचा, दोन झोके द्यायचे, आणि त्यानंतर बाळ. ही रीत का आहे याबद्दल मी आयुष्यभर वेगवेगळी मतं ऐकली. त्या दिवसापासून माझं स्वतःचं एक मत आहे.

आत्यानं वरवंटा आत ठेवला. पहिला झोका दिला. दुसऱ्याला माझ्या गोंदाच्या कोपऱ्यातून 'कट्ट' असा तोच ओळखीचा आवाज आला. पट्टी निघाली, पाळणा एका बाजूनं खाली आला, आणि कुंचीतला वरवंटा उतारावरून सरळ घसरत जाऊन घुगऱ्यांच्या परातीत पडला. हरभरे छतापर्यंत उडाले. झेंडू तुटले. कुणीतरी किंचाळलं, कुणाच्या तरी पैठणीत घुगऱ्या गेल्या.

आणि बाळ आईच्या मांडीवर झोपलेलंच होतं.

एक क्षण मी तिच्याकडंच बघत राहिलो. एवढीशी मूठ, गालाखाली घेतलेली. दोन झोके. वरवंट्याचे दोन झोके झाले म्हणून. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. ही गोष्ट मी आता हसत सांगतो, पण त्या क्षणावर मात्र मला अजून हसता येत नाही.

पहिल्या हसल्या त्या विहीणबाई. परातीतून त्यांनी वरवंटा उचलला, कुंचीवरचे हरभरे झटकले आणि म्हणाल्या, "याला काय लागलं न्हाई. दगडाचा हाय, बापावर गेला." मग सगळा हॉल हसला. जावईसुद्धा हसले, खाली मान घालून.

बायको मात्र हसली नाही. तिनं फोन काढला. "मंडपवाल्याला सांगते. त्याच्याकडं लायटिंगचा पाळणा आहे. अर्ध्या तासात आणून देईल."

विहीणबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला. त्यांच्या वडिलांनी केलेल्या पाळण्यात नातीचं नाव पडणार की मंडपवाल्याच्या, एवढाच आता प्रश्न होता, आणि तो माझ्यामुळं पडला होता. पाहुण्यांना पाचला लातूरला निघायचं होतं.

"मांगवून ठेवा," त्या बायकोला म्हणाल्या. "पण चार वाजेपतूर मला येळ द्या. पाहुण्यांना जेवू घाला." मग सुटलेली पट्टी हातात घेऊन माझ्याकडं वळल्या. तिच्यावर चिकटलेलं डोकं त्यांनी नखानं उडवलं. ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलं.

"हे काय हाय, व्याहीबुवा?"

"स्क्रू."

"हे स्क्रूचं मुंडकं हाय. धड कुठंय?"

"आत राहिलंय."

"आन् जुने माझ्या दादांचे? बाकीच्या कोपऱ्यांचे काहून काढले?"

"एकसारखं दिसावं म्हणून."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. शाळेतल्या किती पोरांनी ही नजर सोसली असेल, याचा मला अंदाज आला. तेव्हा जावई हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "बाबा, आजोबा सुतार होते. उदगीरला त्यांचं दुकान होतं. आई लग्न होईपर्यंत तिथंच हाताखाली असायची."

आणि मी त्या बाईंना हवेत बोट फिरवून उतार शिकवला होता.

जुने नऊ स्क्रू फेकले नव्हते, एवढं माझं नशीब. माझा एक श्रीखंडाचा मोठा डबा आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर जे दोन-तीन स्क्रू उरतात ते मी त्यात टाकतो. दुरुस्तीनंतर स्क्रू का उरतात, हे मला कधी खटकलं नाही. डबा वर्तमानपत्रावर ओतला तेव्हा त्याचा ढीग झाला. पंख्याचे, कुकरच्या कानांचे, चष्म्याचे, एका मेलेल्या टेपरेकॉर्डरचे. विहीणबाई, आत्या आणि माझी बायको अशा तिघी पैठण्या सावरून त्या ढिगाभोवती बसल्या आणि डाळीतले खडे निवडावेत तसे स्क्रू निवडायला लागल्या.

"हा बघा, पिवळा."

"त्यो न्हाई. त्याचं डोकं गोल हाय. आपलं चपटं, वर एक चीर."

"हा?"

"हां, ह्यो दादांचा."

"अगं बाई, हा तर माझ्या शिलाई मशीनचा!" बायको ओरडली. "दोन वर्षं झाली मी म्हणून राहिले, मशीन खडखडतंय. अहो!"

मी घुगऱ्या गोळा करायचं काम मागून घेतलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

नऊच्या नऊ सापडले. रस्त्यात गेलेल्या तीन स्क्रूंचा प्रश्न उरला. "चला," विहीणबाई म्हणाल्या. भर दुपारी, पैठणी नेसलेल्या विहीणबाईंना मागं घेऊन मी ऑटोनं हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघितलं, त्यांना बघितलं, त्यांच्या हातातली पट्टी आणि काळा स्क्रू बघितला.

"सर, मी इचारलं होतं ना, कशाला पायजेत म्हणून?"

"विचारलं होतंस."

"तुमी म्हणलं, स्क्रू म्हंजे स्क्रू."

"म्हणालो होतो."

"मी बायकोला पण सांगितलं घरी जाऊन. म्हणलं आपले सर म्हणले, म्हंजे असंल काहीतरी."

विहीणबाईंनी आमचा गुरुशिष्यसंवाद हातानंच थांबवला. दादांचा एक स्क्रू काउंटरवर ठेवला. "ह्या मापाचा. आठ नंबर, पाऊण इंच, चपट्या डोक्याचा, भरीव पितळंचा."

दुकानदारानं एक पुडी काढली. पिवळेधमक, चकचकीत. मी लगेच हात पुढं केला. विहीणबाई म्हणाल्या, "चुंबक हाय का?" काउंटरखालून स्पीकरचा जुना चुंबक निघाला. त्यांनी तो पुडीवर धरला, आणि पाच-सहा पिवळे स्क्रू उड्या मारून त्याला चिकटले.

"लोखंड हाय. वरनं पिवळं पाणी दिलंय," त्या म्हणाल्या. "आतलं दाखवा."

चुंबक घेऊन तीस वर्षं प्रयोग दाखवलेला माणूस शेजारीच उभा होता. दुकानदार माझ्याकडं बघून हसला नाही. त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

आतल्या पुडीतले स्क्रू चुंबकानं हलले नाहीत. त्यातला एक त्यांनी बोटांत फिरवून मला दाखवला. डोक्याखाली थोडा भाग गुळगुळीत, आटे त्याच्या खाली. "तुमच्या काळ्याला डोक्यापतूर आटे. त्यो पट्टीलाबी धरतो आन् लाकडालाबी धरतो, मंग पट्टी लाकडावर बसणार कशी? ह्यो पट्टीतनं मोकळा जातो आन् लाकडाला आवळतो. पट्टी मधी गच्च. आन् काळा असतोय कडक. सागात मशीननं रेटला का मान मोडती."

हे मला आकृती काढून सांगता आलं असतं. सांगितलंच होतं, दर वर्षी. करून कधी बघितलं नव्हतं.

पितळी स्क्रूंबरोबर त्यांनी त्याच मापाचे तीन साधे लोखंडी लाकडी स्क्रूही घेतले. लोखंडी कशाला, हे मी विचारलं नाही. मी त्या दिवशी शिकत होतो. दुकानदारानं चौकटीच्या पट्टीचा सागाचा एक तुकडा फुकट दिला आणि निघताना म्हणाला, "मावशी, सरांना परत पाठवू नका. काय लागलं तर तुमी फोन करा."

घरी आलो तर अंगणात मंडपवाल्याचा पाळणा येऊन उभा. दिवसाढवळ्या त्याचे दिवे लाल-हिरवे-निळे लुकलुकत होते आणि आतून बारीक आवाजात कसलंतरी गाणं वाजत होतं. पाहुण्यांची पोरं त्याला लोंबकळत होती. खरं सांगायचं तर तो एका तासात माझ्या पाळण्यापेक्षा जास्त वजन झेलून बसला होता.

विहीणबाईंनी पदर खोचला आणि पाटावर बसल्या. काळे स्क्रू काढायला घेतले. बाकीच्या तीन कोपऱ्यांच्या नऊपैकी चार काढता काढताच मोडले. वरून शाबूत आणि आतून तडकलेले. त्यांनी एकेक माझ्यापुढं ठेवला. मोडलेली टोकं आत राहिली तिथं पट्टी बोटभर सरकवली. जिथं जुनी भोकं मोठी झाली होती तिथं सागाच्या तुकड्यातून खुंट्या तासून, गोंद लावून ठोकल्या. माझाच गोंद. "गोंद चांगला हाय," त्या म्हणाल्या. "जागा चुकली होती."

मग माझ्या मशीननं बारीक भोक. मग त्या भोकात लोखंडी स्क्रू, आटे पडेपर्यंत, आणि परत बाहेर. मग पितळी.

आता मात्र मला राहवेना. "दोनदा कशाला?"

"पितळ मऊ असतंय, व्याहीबुवा. सागात सरळ घातलं का पिरगाळतंय. आधी लोखंडानं वाट करायची, मंग पितळ आरामात जातंय. साबण घ्या."

"कशाला?"

"प्रत्येक स्क्रूला चोळा आन् माझ्या हातात द्या."

मला मिळालेलं काम ते. अंगाच्या साबणाची वडी डाव्या हातात, स्क्रू उजव्या हातात. चोळायचा आणि द्यायचा. बारा वेळा. मशीन त्यांनी भोकांपुरतंच वापरलं. स्क्रू आवळायला हातातला पेचकस घेतला. "हाताला कळतंय कुठं थांबायचं," म्हणाल्या. आणि प्रत्येक स्क्रू आवळून झाला की त्याची चीर उभी येईल असा केसभर पुढं-मागं करायच्या. बाराच्या बारा चिरा उभ्या. "दादा असंच ठेवायचे. एकादी वाकडी दिसली का समजायचं, कुणीतरी हात लावलाय."

म्हणजे सकाळी आल्या आल्या त्यांना कळलं होतं. चार माणसांत बोलल्या नव्हत्या, एवढंच.

चारला दहा कमी असताना पाळणा परत वर चढला. वरवंटा पुन्हा तेल लावून, कुंची घालून निजवला. झोके दिले. कट्ट झालं नाही. विहीणबाईंचं समाधान झालं नाही. "तांदळाचा कट्टा आणा," म्हणाल्या. जावयांनी स्वयंपाकघरातून पंचवीस किलोचा कट्टा आणून वरवंट्याशेजारी ठेवला. त्या दोघांना विहीणबाईंनी एकटीनं वीस झोके दिले, कोपऱ्याकोपऱ्याला कान लावून. आमचा अख्खा हॉल श्वास रोखून तांदळाला झोपवत बसला होता. बाहेर मंडपवाल्याच्या पाळण्याचं गाणं चालूच होतं. बायकोनं मध्येच उठून त्याची पिन काढली आणि परत येऊन बसली. मला फार बरं वाटलं.

मग कट्टा काढला, आणि लेकीनं बाळ विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पाळण्यात ठेवलं आणि हात काही लवकर काढला नाही. पोरीनं डोळे उघडले, वरच्या हिरव्या-तांबड्या पट्ट्यांकडं बघितलं, जांभई दिली. आत्या वाकली, कानात नाव सांगितलं. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. नाव मी इथं सांगत नाही. मोठी होऊन वाचलं तर तिच्या नावाशेजारी माझं हे सगळं तिला आवडायचं नाही.

उरलेल्या घुगऱ्या वाटल्या. उडाल्या त्या सोडून परातीत बऱ्याच शाबूत होत्या, आणि त्यांना वरवंट्याच्या तेलाचा किंचित वास येतोय असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, तरी सगळ्यांनी दोनदा घेतल्या. पाचला निघायचे पाहुणे साडेसहापर्यंत बसले. आत्यानं मंडपवाल्याच्या पाळण्यात बसून फोटो काढून घेतला.

निघताना विहीणबाई पाळण्यापाशी थांबल्या. लेक अजून दोन-तीन महिने आमच्याकडंच राहणार होती, आणि तेवढे दिवस पाळणाही. मला वाटलं, आता आपण काहीतरी जबाबदारीचं बोललं पाहिजे.

"काळजी करू नका, विहीणबाई," मी पेचकस उचलून म्हणालो. "दर रविवारी मी स्वतः बाराही स्क्रू तपासून, आवळून ठेवीन."

त्यांनी पाळण्याची दोरी उचलून माझ्या हातात दिली, आणि माझ्या दुसऱ्या हातातला पेचकस काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"तुमी फकस्त दोरी वढत बसा," त्या म्हणाल्या. "तेवढं बिनडोक माणसालाबी जमतंय."